श्री नसलेलं कार्ड

"वाळू दे आधी," असं म्हणून ड्रॉइंगच्या बाई ओल्या कागदावर हात आडवा धरायच्या. कागदाला टेकवायच्या नाहीत, नुसता वर धरायच्या, ताप आलेल्या पोराच्या कपाळाजवळ न्यावा तसा. रंग वाळला की नाही हे त्यांना तळहाताला कळायचं. तोवर मुलांनी कागद उचलायचा नाही, फुंकायचा नाही, उन्हात न्यायचा नाही.

पुढे हे बोलणं त्यांच्या तोंडी इतकं बसलं की रंगाशी त्याचा संबंधच उरला नाही. मुख्याध्यापक वेळापत्रकावरून कुणावर चिडले, की शिक्षक खोलीच्या कोपऱ्यातून आवाज यायचा, "वाळू दे आधी, मग बोलू." कुणाच्या मुलीचं लग्न ठरल्याची कुजबुज सुरू झाली तरी तेच. एकदा शिपाई धावत येऊन म्हणाला, सर्वांना पगारवाढ झाली. सगळ्याजणी उठून उभ्या राहिल्या. बाई मात्र भाकरीवर शेंगदाण्याची चटणी घालत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वाळू दे." पगारवाढ काही झाली नव्हती, ती अफवा होती.

शाळेत त्यांना सगळे ड्रॉइंगच्या बाई म्हणत. मी मराठीची. आमच्या टेबलांना एकच खिडकी होती. आमची शाळा कसबा बावड्याच्या बाजूला, साखर कारखान्याच्या वाऱ्यात. गळीत सुरू झालं की मळीचा आंबूस वास वर्गात येऊन बसायचा आणि चिमणीतली काजळी उडत येऊन वह्यांवर, डब्यांवर, वाळत घातलेल्या धुण्यावर पडायची. ओला रंग तर तिला चांगलाच आवडायचा. बाहेर ठेवलेल्या चित्राच्या आकाशात हमखास काळे ठिपके सापडायचे. मुलं रडकुंडीला यायची. बाई ब्रश घेऊन त्या प्रत्येक ठिपक्याला दोन पंख काढून द्यायच्या. आमच्या शाळेच्या चित्रांत पक्षी फार, असं एका पाहुण्यांनी भाषणात म्हटलं होतं. आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही.

मुलांशी त्या वर्गातलं मराठी बोलत नसत. "हे सफरचंद न्हाय, हे वांगं हाय. आता वांगंच चांगलं कर," असं म्हणून पुढे जायच्या. आमच्याकडच्या बायका बोलतात तसं "मी येतो, मी बघतो" म्हणायच्या. मी सुरुवातीला एकदोनदा दुरुस्त करायला गेले. त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं आणि म्हणाल्या, "बाई, तुम्ही लिहा शुद्ध. मी रंगवतो." त्यानंतर मी त्या वाटेला गेले नाही.

आता त्यांच्या नवऱ्याविषयी सांगायला हवं. ते शिरोलीच्या एका फाउंड्रीत साचे करायचे. फाउंड्री बंद पडली आणि त्यांनी ते घरी सांगितलं नाही. रोज डबा घेऊन, सायकलीवर टांग मारून जायचे आणि पाळी संपायच्या वेळेला परत यायचे. बाईंना कळलं ते शर्टावरून. साच्याची काळी वाळू कॉलरमधून कधी निघत नसे, आणि आता शर्ट नुसता घामाचा येत होता. त्यांनी विचारलं नाही. आपण विचारलं तर त्यांना खाली बघावं लागेल, म्हणून स्वतःहून सांगतील तोवर थांबायचं ठरवलं. ते थांबणं चाललेलं असतानाच एका सकाळी ते डबा घेऊन गेले आणि आले नाहीत. सायकल रेल्वे स्टेशनच्या स्टँडवर सापडली. डबा कॅरियरला होता, धुतलेला.

हे नव्वदीच्या सुरुवातीचं. मी शाळेत रुजू झाले तेव्हा त्याला काही वर्षं होऊन गेली होती. घरात त्या आणि सासूबाई, दोघीच. सासूबाई सीमेकडच्या, कानडी मिसळून बोलणाऱ्या. त्यांना सगळी गल्ली अव्वा म्हणायची. सायकल सोप्यात, घराच्या पुढच्या पडवीत, उभी असायची आणि बाई तिच्यात नेमानं हवा भरायच्या. कपाळावर तपकिरी रंगाची बारीक टिकली लावायच्या, इतकी बारीक की ती आहे की नाही हे समोरच्याला ठरवता येऊ नये. तुम्ही अशी माणसं पाहिली असतील. लोक त्यांच्याशी बोलताना शब्द उचलतात आणि परत ठेवतात. हळदीकुंकवाला बोलवावं की नाही, हे गल्लीला कळत नसे. बाईंनी सगळ्यांची सोय म्हणून त्या दिवसांत शाळेत जादा तास घ्यायला सुरुवात केली होती.

एका वर्षी टपाल सप्ताहाच्या निमित्तानं शाळांसाठी पोस्टर करायची स्पर्धा निघाली. विषय टपाल तिकिटं आणि पत्रलेखनातले शिष्टाचार. मुख्याध्यापकांनी मजकूर माझ्याकडे दिला, रंग त्यांच्याकडे, आणि आठवीची मुलं दोघींकडे.

मुलं घरोघर हिंडून जुनी पाकिटं घेऊन आली. चित्रकलेच्या खोलीत बाईंनी परात भरून पाणी ठेवलं आणि तिकीट असलेला पाकिटाचा कोपरा त्यात उपडा सोडायला शिकवलं. ओढायचं नाही. डिंक सैल झाला की तिकीट आपणहून कागद सोडतं आणि पाण्यात तरंगायला लागतं. मग ते बोटावर उचलून वर्तमानपत्रावर पालथं घालायचं. मुलं परातीभोवती उकिडवी बसायची. एखादं तिकीट सुटलं की, "बाई, सुटलं." बाई तिकडून, "वाळू दे आधी."

पोस्टरचा मधला भाग मायन्यांचा होता. कुणाला तीर्थरूप, कुणाला चिरंजीव, कुठे साष्टांग नमस्कार, कुठे अनेक आशीर्वाद. मी सांगत होते आणि बाई पेन्सिलीनं जागा आखत होत्या. पहिली ओळ मी दिली ती अशी, की पत्राच्या माथ्यावर मधोमध श्री लिहावा. बाई हसल्या. मोठं हसणं नव्हे, पण त्यांना तसं हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही.

"आमच्या ह्यांनी कधी श्री लिहिला न्हाय," त्या म्हणाल्या. "लग्न ठरल्यावर पत्रं टाकायचे. श्री न्हाय, प्रिय न्हाय, काय न्हाय. सरळ आपलं, कार्ड मिळालं, पाऊस हाय. माझे वडील म्हणायचे, हे पत्र हाय का पंचनामा."

मी म्हटलं, मग तुम्ही काही बोलला नाहीत?

"काय बोलायचं? कार्ड येत होतं की."

नंतर त्यांनी एक गोष्ट स्वतःहून पोस्टरमध्ये घातली. मी ती घेतली नसती. एका कोपऱ्यात त्यांनी माथा कोरा असलेलं एक पोस्टकार्ड काढलं आणि खाली माझ्याकडून लिहून घेतलं, की निधनाची बातमी कळवणाऱ्या पत्रावर श्री लिहीत नाहीत, आणि असं पत्र वाचून झालं की फाडून टाकतात, घरात ठेवत नाहीत. मी म्हटलं, मुलांच्या पोस्टरवर हे अभद्र कशाला? त्या म्हणाल्या, "पत्र म्हणजे नुसतं वाढदिवसाचं असतंय व्हय?" मुलांना मात्र तोच कोपरा सर्वांत आवडला. कार्डाची फाटलेली कड त्यांनी इतकी खरी काढली होती की एका मुलीनं ती नखानं सोलून बघितली.

शेवटी नमुन्याचं पाकीट उरलं. मुलांनी आपसांत ठरवलं, की पाकिटावर पत्ता आपल्या ड्रॉइंगच्या बाईंचा घालायचा. एकानं पेन्सिलीनं "सौ." लिहिलंही. त्यांच्याच गल्लीतली एक मुलगी शेजारी बसली होती. तिनं खोडरबर हातात घेतला आणि अगदी मदतीच्या सुरात म्हणाली, "सौ. न्हाय रे. आमची आई म्हणती, गं. भा. लिवाय पायजे."

गं. भा. विधवेच्या नावाआधी लावतात, हे कळणाऱ्या मुलांनी माना खाली घातल्या. त्या मुलीला काय झालं ते कळलं नव्हतं. ती बाईंकडे बघत होती, बरोबर उत्तर दिल्यासारखी. बाईंनी तिच्या हातातला खोडरबर घेतला, "सौ." पुसलं, कागदावरची खोडरबराची घाण हातानं झाडली.

"जागा सोड तिथं," त्या म्हणाल्या. "बोटभर. पुढं नाव लिही."

पोस्टर बाहेर वाळवायचं म्हणजे काजळी, म्हणून बाईंनी ते घरी नेलं आणि सोप्यात भिंतीला लावलं. मी संध्याकाळी बघायला गेले तर अव्वा त्याच्यासमोर पाट टाकून बसल्या होत्या. त्यांना लिहिता वाचता येत नव्हतं, पण हे काय, ते काय, असं विचारणं चाललं होतं, आणि बाई चुलीपुढून उत्तरं देत होत्या. अव्वांना चित्राइतकंच ते माथ्यावरचं अक्षर आवडलं होतं. श्रीच्या वळणावरून त्या हवेतच बोट फिरवत होत्या. मग कोपऱ्यातल्या कार्डाकडे बोट करून त्यांनी विचारलं, ह्याच्यावर का नाही ते?

"ते वाईटाचं हाय, अव्वा. कुणी गेल्याचं. ते फाडून टाकत्यात."

"ते म्हाईत हाय ग मला," अव्वा म्हणाल्या. "पण ओळखायचं कसं ते आज कळलं." आणि एवढ्या वयात एक अक्षर ओळखता आलं म्हणून त्या माझ्याकडे बघून खुलल्या.

पोस्टरला नंबर मिळाला नाही. परीक्षकांनी शेरा दिला होता, की मांडणी उत्तम, परंतु नमुन्याच्या पाकिटावर नावाआधी उपाधी राहून गेली आहे. मुलं चिडली. बाई म्हणाल्या, बरोबर आहे त्यांचं, कोऱ्या जागेला गुण कसे द्यायचे. पोस्टरची गुंडाळी करून त्यांनी ती चित्रकलेच्या खोलीतल्या कपाटावर टाकली.

पुढच्या श्रावणातली गोष्ट. पाऊस रोजचा, गटारं भरून वाहत होती. नेहमीचा पोस्टमन रजेवर होता. बदलीवरच्या पोरानं फाटकातूनच कार्ड सोप्यात टाकलं आणि तो पुढे गेला. घरात अव्वा एकट्या. त्यांनी कार्ड उचललं आणि शिकवल्याप्रमाणे आधी माथा बघितला. माथा कोरा होता.

बाई शाळेतून आल्या तेव्हा अव्वा ओल्या केसांनी, दुसरं लुगडं नेसून उंबऱ्याच्या आत बसल्या होत्या. पुढचं मला बाईंनी सांगितलं तसंच सांगते.

"कुणीतरी गेलं ग," अव्वा म्हणाल्या. "कार्ड आलतं. फाडून गटारात टाकलं. मी आंघोळ केली, तूबी कर."

"कोण गेलं?"

"मला वाचता येतंय व्हय?"

बाईंना पहिल्यांदा त्यातलं काही कळलंच नाही. मग त्यांनी विचारलं, मी येईपर्यंत का थांबला नाहीत? अव्वांनी आधी ओले केस पिळले. मग म्हणाल्या, "घरात येऊ द्यायचं न्हवतं मला ते."

बाई तशाच गटाराकडे गेल्या. शेजारपाजारची माणसं बघत होती. पाणी पुढच्या उसाच्या रानाकडे जातं तिथवर त्या वाकून वाकून गेल्या. जे तुकडे सापडले ते पदरात घेऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी त्या माझ्या घरी आल्या आणि शाळेची किल्ली घेऊन चला म्हणाल्या. चित्रकलेच्या खोलीत त्यांनी ती परात काढली, स्वच्छ पाणी घातलं आणि पदराच्या गाठीतून तुकडे काढून एकेक पाण्यात सोडला. चिखल हळूहळू तळाला बसला. मग त्यांनी प्रत्येक तुकडा बोटावर उचलला आणि वर्तमानपत्रावर ठेवला. मी वाकून वाचायला गेले.

"वाळू दे आधी," त्या म्हणाल्या.

आम्ही दोघी बाकावर बसून राहिलो. बाहेर पाऊस. कागद कोरडे व्हायला फार वेळ लागत होता आणि तो लागावा असंच मला वाटत होतं. अखेर त्यांनी हात आडवा धरला आणि मान हलवली. शाई सगळी धुऊन गेली होती. तुकड्यांवर फिकट निळसर डाग होते, अक्षर एकही नव्हतं. कार्डावरचं छापील तिकीट तेवढं शाबूत होतं आणि त्याच्यावर शिक्क्याची कड. गाव जिथे असतं तो अर्धा भाग नव्हता.

"बाई," त्या म्हणाल्या, "हे मेल्याचं असंल, न्हायतर त्यांचं असंल."

मला समजायला क्षणभर लागलं. मग नवऱ्याच्या पत्रांवरचं ते हसणं आठवलं. श्री न्हाय, प्रिय न्हाय, कार्ड मिळालं, पाऊस हाय.

त्यानंतर त्यांनी एक काम केलं. दोन्हीकडच्या सगळ्या नातेवाइकांना, दूरच्या, विसरलेल्या, भांडण झालेल्या, प्रत्येकाला एकेक कार्ड टाकलं. वर श्री, मायना रीतसर, आणि मजकूर इतकाच, की फार दिवसांत खबर नाही, तुमच्याकडे सर्व खुशाल ना. कुणाकडे कुणी गेलं असेल तर ते कार्ड त्यांचं ठरणार होतं आणि प्रश्न मिटणार होता. उत्तरं शाळेच्या पत्त्यावर यायची. त्या मधल्या सुट्टीत ती माझ्यासमोर वाचायच्या. आम्ही सर्व खुशाल. इकडे सर्व क्षेम. देवाच्या कृपेनं सगळे बरे आहेत. प्रत्येक खुशालीबरोबर त्यांचा चेहरा उतरत गेला. लोकांच्या घरी माणूस मेलेलं असावं म्हणून कुणी वाट बघत असेल, हे मी दुसऱ्या कुणाच्या बाबतीत खरं मानलं नसतं. सगळ्यांची उत्तरं आली. कुणाकडेही कुणी गेलेलं नव्हतं.

मग उरले ते एकटेच. गेलेले, किंवा कुठेतरी बसून कार्ड लिहिणारे.

अव्वा रोज विचारत होत्या, कळलं का कोण ते. त्यांच्या तोंडचं जेवण उडालं होतं. एके दिवशी बाईंनी सांगितलं, की निपाणीकडच्या एक मावशी गेल्या, तुमच्या बघण्यातल्या नाहीत. अव्वांनी हात जोडले आणि त्या दिवशी पोटभर जेवल्या. बाईंनी हे मला सांगितलं तेव्हा आम्ही खिडकीशी उभ्या होतो. त्या म्हणाल्या, "आंघोळ तर मी पण केली, बाई. कुणाची केली ते कळलं न्हाय."

पुढची वर्षं त्या आधीसारख्याच होत्या. ठिपक्यांना पंख काढत, वांग्यांना वांगी म्हणत. फक्त एक फरक पडला. आधी त्या दाराकडे बघत नसत. आता शाळेत पोस्टमन आला की त्या वर्ग सोडून व्हरांड्यात यायच्या, त्याच्या हातातल्या गठ्ठ्याकडे पाहायच्या, आणि तो काही न बोलता गेला की परत आत जायच्या. मुलं तेवढा वेळ गप्प बसायची. त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं.

अव्वा आधी गेल्या. तोवर फोन घरोघर आले होते, तरी बाईंनी सगळ्यांना कार्डंच टाकली, वर श्री न लिहिता, रीतीप्रमाणे. एक कार्ड जास्तीचं होतं. ते त्यांनी नवऱ्याच्या नावानं गावच्या घरी पाठवलं, तिथे दीर राहत होते. "कधी आलेच तिकडं, तर आई गेली हे कळायला पाहिजे की." मग जरा वेळानं म्हणाल्या, "दिरानं वाचून फाडलंच असंल म्हणा. रीतच हाय ती."

त्यांचं दुखणं फार लांबलं नाही. पोटात पाणी झालं होतं, डोळे पिवळे. सरकारी दवाखान्यात मी शेवटच्या आठवड्यात रोज संध्याकाळी जात होते. एकदा नर्स केसपेपरवर नाव लिहायला आली आणि तिनं सहज विचारलं, सौ. का? बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या बोलण्याच्या पलीकडे गेल्या होत्या, पण अंगठा आणि तर्जनी उचलून त्यांनी मला मधली फट दाखवली. बोटभर. मी नर्सला म्हटलं, नुसतं नाव लिहा.

त्या गेल्या त्याला आता काही महिने झाले. गावाकडून दीर आले होते, सगळं रीतसर करून गेले. घराला कुलूप आहे. सायकल त्यांनी नेली नाही. ती सोप्यात भिंतीला टेकलेली आहे आणि तिची दोन्ही चाकं बसली आहेत. कपाटावरची पोस्टरची गुंडाळी मी सोडून पाहिली. तिकिटं बहुतेक गळून पडली आहेत आणि त्यांच्या जागी डिंकाचे चौकोन आहेत. पाकिटावरची कोरी जागा इतर कागदाबरोबरच पिवळी झाली आहे.

काल मी पोस्टातून एक कार्ड आणलं. पत्त्याच्या बाजूला त्यांच्या नवऱ्याचं नाव आणि गावच्या घराचा पत्ता लिहिला. मागे मजकूर लिहिला. कुठल्या दुखण्यानं, कोणत्या महिन्यात, शेवटी फार त्रास झाला नाही, अव्वांना त्यांनी नीट सांभाळलं, सायकल सोप्यात आहे. बाईंचं नाव लिहिताना त्याआधी बोटभर जागा सोडली. असल्या पत्राचा माथा कोरा ठेवायचा, हे त्या पोस्टरपासून मीच मुलांना वर्षानुवर्षं शिकवत आले आहे. पण कोरा माथा बघून कुणीतरी ते फाडेल. म्हणून मधोमध, ठळक, अव्वांना लांबूनही ओळखू आला असता असा श्री काढला.

मग कार्डावर हात आडवा धरून थोडा वेळ बसले. शाई वाळल्यावर ते पेटीत टाकून आले.